आधी गावाने निवडले : स्वयं शिक्षण प्रयोगाची वाटचाल

संस्थेचा इतिहास लिहायचा म्हटले की आपण नोंदणीच्या तारखेपासून सुरुवात करतो. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेची नोंदणी १९९८ ची आहे. पण तिथून सांगायला घेतले तर या इतिहासातली सगळ्यात मोलाची वर्षेच बाहेर राहतात. ज्या बायांच्या बळावर ही संस्था उभी राहिली त्यांची निवड नोंदणीच्या आधीच झाली होती आणि ती त्यांच्या गावांनी केली होती. संयुक्त राष्ट्रांच्या व्यासपीठावर संस्थेचे नाव पुकारले गेले २०१६ साली, म्हणजे त्यानंतर वीसेक वर्षांनी.

होतकरू तरुण नेतृत्व हेरून त्याला जगासमोर आणणारे पुरस्कार, फेलोशिप, परदेशातली शिबिरे यांची माहिती आता नांदेड-लातूरच्या कॉलेजांतल्या मुलामुलींनाही असते. ते फॉर्म भरतात, मुलाखती देतात, काहींची निवडही होते. ही चांगलीच गोष्ट आहे. पण लातूर आणि धाराशिव (तेव्हाचे उस्मानाबाद) या दोन जिल्ह्यांत तरुण बायांचे नेतृत्व ओळखण्याचे एक मोठे काम कुठलाही फॉर्म न भरता झाले. त्याची हकिगत या स्मरणिकेत यावी, यासाठी हा लेख.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झालेली, गणपती बोळवून गावे नुकतीच झोपलेली. पहाटे चारला चार मिनिटे कमी असताना जमीन हलली. औसा तालुक्यातले किल्लारी, तेव्हाच्या उमरगा तालुक्यातले सास्तूर आणि त्यांच्या भोवतीची गावे काही सेकंदांत ढिगारा झाली. मृतांचा सरकारी आकडा आठ हजारांच्या जवळ जातो, इतर अंदाज दहा हजारांपर्यंत पोचतात. हानी इतकी मोठी होण्यामागे आपल्या घरांची बांधणी हे कारण होते. मातीत रचलेल्या दोन-तीन फूट रुंद दगडी भिंती, आत लाकडी खांब-तुळयांचे खण आणि वर पांढऱ्या मातीचे जाडजूड माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारे हे घर धक्क्याला मात्र तग धरत नाही. भिंतीचे आतले आणि बाहेरचे थर एकमेकांपासून सुटतात, दगड फुगून बाहेर पडतात आणि माळवदाचे सगळे ओझे माणसांवर येते.

पूर्ण उद्ध्वस्त झालेली ५२ गावे नव्या जागी वसवायची ठरले. त्यांच्याविषयी भरपूर लिहिले गेले आहे, कारण देशभरातल्या देणगीदारांचे, वर्तमानपत्रांचे आणि पुढाऱ्यांचे लक्ष तिथेच होते. पण त्याहून किती तरी जास्त घरे अशी होती, जी पडली नव्हती, फक्त तडकली होती. भिंतीला भेग, कोपरा निसटलेला, माळवद एका अंगाला झुकलेले. लातूर-धाराशिवमधली अशी गावे बाराशेच्या आसपास होती. जागतिक बँकेच्या साहाय्याने राज्य शासनाने जो भूकंप पुनर्वसन कार्यक्रम आखला, त्यात या गावांसाठी दुरुस्ती आणि मजबुतीकरणाचा वेगळा भाग होता. इथे ठेकेदार नेमायचा नव्हता. अनुदान घरमालकाच्या खात्यावर हप्त्याहप्त्याने जमा होणार, सामान त्याने आणायचे, गवंडी त्याने लावायचा आणि इंजिनियरने येऊन तपासायचे, अशी रचना होती. कागदावर सरळ वाटणारी ही रचना गावात मात्र अडली. माणसे भेदरलेली होती. दगडाच्या भिंतीवर त्यांचा विश्वासच उरला नव्हता. आमचेही गाव नव्याने वसवा, एवढीच मागणी जिथेतिथे होत होती.

मुंबईतल्या स्पार्क या संस्थेची माणसे भूकंपानंतर लातूरला आली होती. १९८४ पासून ही संस्था मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्या बायांबरोबर काम करत होती. घर म्हणजे काय, ते कुणाच्या हाताने उभे राहते आणि त्याबद्दल निर्णय कोणी घ्यायचा, हे प्रश्न तिने तिथेच हाताळले होते. स्पार्कच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या प्रेमा गोपालन यांनी लातूर-धाराशिवचे काम हाती घेतले आणि मग तेच त्यांचे आयुष्यभराचे काम झाले. भूकंपाच्या वेळी प्रवीण परदेशी लातूरचे जिल्हाधिकारी होते. पुनर्वसनात लोकांचा सहभाग हवा, हा आग्रह प्रशासनाच्या बाजूनेही होता. दुरुस्ती-मजबुतीकरणाच्या कामात लोकसहभागाची बाजू सांभाळायला शासनाने पुढे स्वयं शिक्षण प्रयोग म्हणून नोंदल्या गेलेल्या या चमूला सल्लागार म्हणून नेमले. हातात बाराशे गावे आणि माणसे मूठभर. गावातूनच कोणीतरी उभे राहिल्याशिवाय हे होणे नव्हते.

त्यातून ‘संवाद सहायक’ हे पद निघाले.

माझ्या मते या संस्थेच्या सगळ्या इतिहासाचे मूळ या पदात आहे, म्हणून इथे थोडे थांबतो. संवाद सहायक म्हणजे गावातलीच एक बाई. महिला मंडळातून पुढे आलेली, गावाच्या संमतीने नेमलेली. अनुदान किती, पहिला हप्ता कधी, दुसरा कशावर अवलंबून, सिमेंट आणि गज कुठून घ्यायचे, बँकेत खाते कसे उघडायचे, हे तिने घरोघरी जाऊन सांगायचे. इंजिनियर गावात कधी येणार ते कळवायचे, आणि तो आला नाही तर तालुक्याला जाऊन विचारायचे. त्याआधी तिला स्वतःला समजून घ्यावे लागत होते ते वेगळेच. दोन्ही थर बांधून धरणारा आरपार दगड भिंतीत किती अंतराने बसवायचा, चारही भिंतींना कवेत घेणारा काँक्रीटचा पट्टा कुठल्या उंचीवर घालायचा, खांब आणि तुळई यांच्या कोनात तिरपा आधार कसा द्यायचा, माळवदाची माती किती कमी करायची. गवंड्याला बाईमाणसाने सांगावे आणि त्याने ऐकावे, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. पण पट्टा न घालता भिंत वर चढवायला घेतली तर हप्ता अडकतो, हे एकदा सगळ्यांना कळले आणि तिचा शब्द ऐकला जाऊ लागला.

या बायांपैकी अनेकजणी विशी-तिशीतल्या होत्या. लवकर लग्न झालेल्या, शाळा मध्येच सुटलेल्या. चावडीवर पुरुष बसले असतील तर डोक्यावरचा पदर पुढे ओढून वाट बदलून जाणाऱ्या. आता त्याच चावडीवर त्यांना उभे राहून घरांची यादी वाचून दाखवायची होती. कुणाचा सासरा रागावला, कुणाचा नवरा काही दिवस बोलला नाही. पण घर हा विषयच असा होता की बाईला त्यात बोलू नको म्हणणे कठीण होते. दिवसभर त्या घरात वावरणारी तीच. भिंत कुठे ओली राहते, उंदीर कुठून येतो, धूर कुठे कोंडतो, हे तिच्याइतके कुणाला ठाऊक?

काळही त्यांच्या बाजूने वळत होता. पंचायतीत स्त्रियांना एक तृतीयांश जागा देणारी ७३ वी घटनादुरुस्ती भूकंपाच्या वर्षीच, एप्रिल १९९३ मध्ये लागू झाली होती. जून १९९४ मध्ये महाराष्ट्राने देशातले पहिले महिला धोरण जाहीर केले. सप्टेंबर १९९५ मध्ये बीजिंगला जागतिक महिला परिषद भरली. तिच्या जोडीने स्वयंसेवी संघटनांचा मेळावा भरला तो हुआयरू या गावी, आणि तिथूनच वस्तीपातळीवर काम करणाऱ्या बायांच्या संघटनांचे एक जागतिक जाळे विणले गेले. पुढे या जाळ्याशी, म्हणजे हुआयरू आयोगाशी, आणि ग्रूट्स या दुसऱ्या जाळ्याशी स्वयं शिक्षण प्रयोगाचे नाते जुळले. पुरस्काराच्या किती तरी आधी मराठवाड्यातल्या बायांना परदेशाचे दार उघडून दिले ते या नात्याने.

घरांचे काम सरत आले तेव्हा बायांनीच विचारले की आता आम्ही परत घरात बसायचे का? एव्हाना गावागावांत बचत गट सुरू झाले होते. भिशीतल्या पैशासारखी महिन्याची ठरावीक रक्कम गोळा होत होती, तिच्यातून बी-बियाणे, शेळी, मुलाची फी, दवाखाना यांसाठी कर्ज दिले जात होते. घरांची माहिती गोळा करायची सवय होतीच. तीच पद्धत त्यांनी पाणी, रेशन, शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्र यांना लावली. १९९८ ला संस्था नोंदवली गेली ती ही सगळी माणसे आणि ही रीत जमेस धरून.

यानंतर जे घडले त्याला मी या संस्थेची पहिली खरी मान्यता समजतो. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छला भूकंप झाला. लातूर-धाराशिवच्या बाया तिथल्या बायांना भेटायला गेल्या. वाटायला त्यांच्याकडे ब्लँकेटे नव्हती, होता तो अनुभव. कोणते कागद आधी जपायचे, अनुदानाच्या यादीत विधवेचे नाव राहून गेले तर कुणाकडे जायचे, नव्या घराचा नकाशा करताना चुलीची जागा कुणाला विचारायची, हे त्या सांगू शकत होत्या, कारण हे सगळे त्यांच्यावरून गेले होते. भाषा वेगळी, तरी काम अडले नाही. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावरही असेच जाणे झाले. ऑगस्ट १९९९ च्या भूकंपाने घरे गमावलेल्या तुर्कस्तानातल्या बायांशीही देवाणघेवाण झाली. या भेटींची वर्तमानपत्रांत फारशी बातमी झाली नाही, आणि मानपत्राचा तर प्रश्नच नव्हता. पण आपत्तीतून उठलेल्या दुसऱ्या बाईने तुम्हाला शिकवायला बोलवावे, याहून मोठी परीक्षा कोणती निवड समिती घेणार?

मधली वर्षे भराभर सांगतो. धुराच्या चुलीला पर्याय म्हणून सुधारित चुली आल्या, मागोमाग सौरदिवे आले. कंपन्यांना खेड्यात वितरक मिळत नव्हते, आणि गटातल्या बायांना घरोघरची ओळख होती. त्यातून ‘सखी’ या नावाखाली उद्योजिकांचे जाळे उभे राहिले. कुणी ऊर्जेचे साहित्य विकू लागली, कुणी आरोग्य सखी झाली, कुणी कुक्कुटपालनात उतरली. सगळ्यांचेच धंदे चालले असे नाही. मालाची दुरुस्ती वेळेवर होत नसे, उधारी वसूल व्हायची नाही, काहीजणी वर्षभरात थांबल्या. ज्या टिकल्या त्या मात्र पुढे इतरांना शिकवू लागल्या.

मग दुष्काळ आला. २०१२ पासून मराठवाड्याने जे सोसले ते वेगळे सांगायला नको. सोयाबीन आणि ऊस यांच्यामागे लागलेल्या शेतात घरच्या ताटापुरते ज्वारी-तूर-भाजीपालाही पिकेनासे झाले होते. विहीर आटली की सोयाबीन गेले, सोयाबीन गेले की किराणा उधार. शेतातली खुरपणी, वेचणी, काढणी ही बहुतेक कामे बायांची, पण सातबाऱ्यावर नाव नाही आणि काय पेरायचे यात बोलणे नाही. संस्थेच्या गटांनी इथे काढलेला मार्ग मला फार शहाणपणाचा वाटतो. सगळे शेत मागायचे नाही. अर्धा एकर, फार तर एक एकर मागायचा. तेवढ्यात बाई ठरवील ते पेरायचे: ज्वारी, डाळी, पालेभाज्या, वेलवर्गीय भाज्या, थोडी-थोडी आणि एकमेकांत. खत गांडुळाचे, फवारणी घरीच केलेल्या अर्काची, पाणी ठिबकने. एक पीक गेले तरी दुसरे हाताशी राहते आणि घरचे खाणे सुटत नाही. नवऱ्याने एक एकर देणे यात जमिनीची मालकी बदलत नव्हती, त्यामुळे भांडण टळले. वर्षाच्या शेवटी त्या एकरातून घर चालले हे दिसले की उरलेल्या शेताबद्दलही तिचे मत विचारले जाऊ लागले.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली. पहिल्या खेपेला पाच लाख लिटर पाणी. देशभरच्या कॅमेऱ्यांनी तहानलेले लातूर दाखवले. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार स्वयं शिक्षण प्रयोगाला जाहीर झाला. शंभराहून अधिक देशांतून आलेल्या नामांकनांतून निवडलेल्या १५ संस्थांपैकी ही एक. पाणीटंचाईच्या प्रदेशात ५,५०० बचत गटांच्या माध्यमातून ७२,००० स्त्रियांना शेती, आरोग्य आणि उत्पन्न यांबाबत निर्णय घेण्याच्या जागी आणले, ही त्या गौरवामागची नोंद. त्याच वर्षी हवामान बदलाविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या ‘मोमेंटम फॉर चेंज’ या उपक्रमानेही संस्थेची निवड केली. तिथे नोंद झाली ती स्वच्छ ऊर्जेच्या व्यवसायात उतरलेल्या ग्रामीण उद्योजिकांची. त्यांची संख्या ११०० होती. दोन्हींचे व्यासपीठ नोव्हेंबरमधल्या माराकेशच्या हवामान परिषदेचे. ज्या वर्षी लातूरचे नाव केवळ तहानेशी जोडले गेले, त्याच वर्षी ते मोरोक्कोत उपायाशी जोडले गेले. हे आपल्याकडे फार थोड्यांना माहीत आहे, याची मला खंत वाटते.

आता तरुण नेतृत्वाच्या पुरस्कारांविषयी थोडे. ही परंपरा जुनी आहे. अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात १९१५ साली हेन्री गीसेनबियर यांनी तरुणांची जी नागरी संघटना सुरू केली, तीच वाढत जाऊन आपण जेसीज म्हणून ओळखतो ती जागतिक संघटना झाली. १९४९ पासून ती भारतात आहे. दरवर्षी जगभरातून दहा तरुण निवडून त्यांचा गौरव करण्याचा तिचा उपक्रम १९८३ पासून चालू आहे, वयोमर्यादा चाळीस. मॅगसेसे पुरस्कारानेही २००१ पासून उगवत्या नेतृत्वासाठी वेगळा विभाग केला, तिथेही अट चाळिशीची. संयुक्त राष्ट्रांनी शाश्वत विकासासाठी १७ तरुण नेत्यांची पहिली तुकडी निवडली ती २०१६ मध्येच, आणि मुंबईच्या त्रिशा शेट्टी तिच्यात होत्या. आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात, परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले तरुण शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला आणि त्यांनी दहा लाख डॉलरची निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या उरलेल्या नऊ शिक्षकांना वाटून दिली. त्या दिवशी मराठवाड्यातल्या शाळांनीही तो आनंद आपलाच मानला.

पण या मोजपट्ट्या किल्लारीच्या बायांना लावून पाहाव्यात. १९९५ ला बावीस वर्षांची असलेली संवाद सहायक २०१६ ला त्रेचाळीस वर्षांची झाली. जगाच्या व्याख्येने ती तरुण होती तेव्हा तिच्याकडे दाखवायला इंग्रजी अर्ज नव्हता, दोन शिफारसपत्रे नव्हती, कामाची छायाचित्रे नव्हती. हे सगळे जमेपर्यंत वय निघून गेले. तिच्या पिढीच्या वाट्याला म्हणून व्यक्तीचा गौरव क्वचित आला, बहुतेक वेळा गौरव झाला तो संस्थेचा. यात कमीपणा काही नाही, उलट हजारो जणींचे काम एका नावावर न टाकणे हेच मला न्याय्य वाटते. तरीही तरुणांना हेरणाऱ्या कार्यक्रमांना एक गोष्ट विचारायला हवी: ग्रामीण बाईचे तारुण्य मोजताना तिची बाळंतपणे, तिचे सुटलेले शिक्षण यांची वर्षे वजा करणार की नाही?

काही नावे मात्र पुढे आली, आणि ती इथे घ्यायलाच हवीत. तुळजापूर तालुक्यातल्या गंधोऱ्याच्या गोदावरी डांगे यांना अगदी तरुण वयात वैधव्य आले. बचत गटाच्या निमित्ताने त्या घराबाहेर पडल्या, पुढे सखी महासंघाची धुरा त्यांनी सांभाळली आणि एक एकर शेतीची पद्धत गावोगाव नेली. गोएथे इन्स्टिट्यूटच्या जागतिक चित्रकथा प्रकल्पात त्यांच्या कामावर चित्रकथा निघाली आहे. हिंगळजवाडीच्या कमल कुंभार यांनी बांगड्या विकण्यापासून सुरुवात केली, कुक्कुटपालन उभे केले, ऊर्जेच्या साहित्याचा व्यवसाय केला आणि शेकडो बायांना त्यात आणले. नीती आयोगाच्या ‘विमेन ट्रान्सफॉर्मिंग इंडिया’ सन्मानानंतर मार्च २०२२ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांना नारीशक्ती पुरस्कार मिळाला.

प्रेमा गोपालन यांना श्वाब फाउंडेशन आणि जुबिलंट भरतिया फाउंडेशन यांचा २०१८ चा ‘सोशल आंत्रप्रनर ऑफ द इयर’ हा सन्मान मिळाला. बाहेरून आलेल्या माणसाने या मातीत जवळजवळ तीन दशके पाय रोवून उभे राहावे आणि पुढे मात्र गावच्या बायांना करावे, ही गोष्ट दुर्मीळ आहे. २०२२ मध्ये त्या गेल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये इजिप्तमधल्या शर्म अल शेखच्या हवामान परिषदेत ग्लोबल सेंटर ऑन अ‍ॅडाप्टेशनने संस्थेला समावेशक नेतृत्वासाठी स्थानिक अनुकूलन पुरस्कार दिला. तो घेतला गेला तेव्हा त्या नव्हत्या, पण पुरस्काराच्या नावात जे नेतृत्व आहे ते त्यांनी गावात पेरलेले होते.

शेवटी एक विनंती, नांदेड आणि लातूर या दोन्ही जिल्ह्यांतल्या वाचकांना. भूकंपाला वर्ष होण्याच्या सुमारास, १७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. लातूरचे शिक्षणतज्ज्ञ जनार्दन वाघमारे त्याचे पहिले कुलगुरू. लातूर जिल्हा त्याच विद्यापीठाच्या कक्षेत येतो. ज्या वर्षांत हे विद्यापीठ उभे राहत होते, त्याच वर्षांत औसा-निलंग्याच्या खेड्यांत संवाद सहायक घरोघर फिरत होत्या. पुरस्कारांच्या याद्या जगभर उपलब्ध आहेत, या बायांची गाववार यादी मात्र कुठे एकत्र छापलेली माझ्या पाहण्यात नाही. कुठे ग्रामपंचायतीच्या प्रोसिडिंग बुकात नाव सापडेल, कुठे महिला मंडळाच्या जुन्या वहीत, कुठे केवळ शेजारणीच्या आठवणीत. राष्ट्रीय सेवा योजनेच्या एका शिबिरात किल्लारी परिसरातली दहा गावे घेतली आणि विद्यार्थ्यांनी नाव, तेव्हाचे वय, शिक्षण आणि केलेले काम एवढे जरी उतरवून घेतले, तरी सुरुवात होईल. त्या पिढीतल्या अनेकजणी आता पन्नाशी-साठीच्या आहेत आणि सांगण्याजोग्या अवस्थेत आहेत. हे काम येत्या उन्हाळ्याच्या आत हाती घ्यावे.